बटणावरचं ऊन

"स्वरूपक्का, बाहेर पेटलंय की नुसतंच तापतंय?" इम्तियाजने पलीकडच्या रांगेतून विचारलं.

"छत्तीस," स्वरूपा मान न वळवता म्हणाली. "तुझ्याच पडद्यावर बघ की. तुलाही दिलंय ना बटण?"

"दिलंय गं. पण तू सांगितलंस की खरं वाटतं."

रांगेतले चारदोन जण हसले. स्वरूपालाही हसू आलं. सात वर्षं या हॉलमध्ये ती खाली मान घालून आली आणि खाली मान घालूनच गेली. कुणी तिला पाणी पाहिजे का म्हणूनही विचारलं नव्हतं. आणि आता बघा, ऊन किती आहे ते विचारायलासुद्धा माणसं तिच्याकडे बघत होती.

ऊन विचारायची पाळी यावी अशीच ती जागा होती. हैदराबादेतल्या एका उंच इमारतीतला हॉल, काचा आतून काळ्या केलेल्या, फोन दाराशी जमा करायचे. परदेशात गारांनी घरांची छपरं फुटली की विम्याचे दावे इथे यायचे, आणि त्या गावात त्या दिवशी खरंच गारा पडल्या होत्या का, हे ही मंडळी तपासायची. त्यामुळे इंटरनेटवरचं बाकी सगळं बंद असलं तरी हवामानाची एक जागा तेवढी उघडी होती. साता समुद्रापलीकडच्या गारा दिसत, पण खाली रस्त्यावर पाऊस आहे की चांदणं, याचा पत्ता नसे.

स्वरूपाला मात्र पत्ता लागणं भागच होतं. घरी, जगद्गिरीगुट्ट्यात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तिची आई नरसम्मा कुलपात होती.

आईला कुलपात ठेवते, हे ऐकून कुणीही तिला नावं ठेवील. खुशाल ठेवावीत. नरसम्माने कामारेड्डीत जन्मभर विड्या वळल्या, विड्यांवर पोरं वाढवली, आणि म्हातारपणी तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. आधी नातवंडांची नावं गेली, मग जेवलो की नाही ते गेलं. एक दिवस "कारखान्यात विड्या द्यायच्या राहिल्या" म्हणत ती अनवाणी बाहेर पडली. हायवेवर एका लॉरीवाल्याने तिला हाताला धरून बाजूला बसवलं म्हणून वाचली. भाऊ दुबईला; त्याचं प्रेम फोनवरून उतू जायचं. नवरा केव्हाच दुसरीकडे संसार थाटून बसलेला. बाई ठेवावी तर तिचा पगार काय आणि स्वरूपाचा पगार काय, दोन्ही सारखेच. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी तिने कुलूप आणलं.

दुसरी किल्ली खाली घरमालकीण अनसूयम्माकडे. ती तोंडाची फटकळ, पण मनाची वाईट नव्हती. "हे बघ, दर तासाला जिने चढायला माझे गुडघे काही तुझ्या बापाने दिलेले नाहीत," तिने बजावलं होतं. "ऊन चाळिशीवर गेलं की फोन कर. मी तिला खाली आणून कूलरपुढे बसवीन. आणि कमी असेल तर मला झोपू दे."

आता हॉलमध्ये बसून चाळीस कसं कळणार? तिथे ते बटण जन्माला आलं. कामाच्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर आपापली बटणं बसवायची सोय होती. विम्याचा नंबर उचल, तारीख टाक, असली कामं वाचवायला लोक चार ओळी लिहून बटण करून घेत. स्वरूपाने जेवणाच्या सुट्ट्या घालवून, इकडचं तिकडचं बघून, आपली चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. हवामानाच्या त्या जागी जा, आमच्या भागातलं तापमान विचार. आकडा बटणावर लिही. जरा थांब, पुन्हा विचार. पहिल्यांदा बटणावर आकडा उमटला तेव्हा तिने पडद्याला बोट लावून पाहिलं. अम्मा किती उन्हात बसलीय, हे तिला इथून कळत होतं!

कधीकधी पलीकडून उत्तर यायचं नाही आणि बटण कोरं पडायचं. मग तिचं कामात लक्ष लागत नसे. म्हणून तिने आणखी एक ओळ घातली: उत्तर आलं नाही तर आधीचाच आकडा राहू दे. त्या ओळीचं तेव्हा तिला फार कौतुक वाटलं होतं.

मग इम्तियाजने ते पाहिलं. त्याच्याकडून रांगेला कळलं, रांगेकडून हॉलला. टीमलीडर प्रशांती मॅडमसुद्धा स्वतः तिच्या खुर्चीपाशी आल्या. "मला पण बसवून दे ना गं. मेला दिवस आहे की रात्र, काही समजत नाही इथे." मागेल त्याला स्वरूपाने बटण दिलं. नाही म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी काहीतरी मागत होतं. ते सगळे आकडे तिच्याच नावावर विचारले जाणार होते, आणि एका नावाला दिवसाला ठरावीक वेळाच फुकट उत्तर मिळतं, हे तिने सुरुवातीला वाचलं होतं. एकटीला ते पुरून उरत होतं, म्हणून विसरूनही गेली. एका घरच्या नळावर सगळी गल्ली पाणी भरायला लागली की काय होतं, ते खरं तर जगद्गिरीगुट्ट्यात राहणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

तर त्या दिवशी छत्तीस. जेवायच्या सुट्टीतही छत्तीस. मे महिन्यात एवढी दया! आज देव प्रसन्न आहे म्हणत स्वरूपाने बऱ्याच दिवसांनी चवीने डबा खाल्ला. भाताबरोबरचं चिंचेचं आंबट पाणीसुद्धा पिऊन टाकलं.

चारच्या सुमाराला चहा घेऊन वेंकटय्या आला. घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता.

"सुटल्यावर लगेच खाली उतरू नका रे बाबांनो," तो पेले मांडत म्हणाला. "डांबर चपलेला चिकटतंय. पानवाला चक्कर येऊन पडला."

"काहीतरीच काय! छत्तीस तर आहे," प्रशांती मॅडमच्या शेजारची मुलगी म्हणाली. "तुलाच ताप आला असेल."

सगळे हसले. वेंकटय्याही हसला. स्वरूपाने बटणाकडे पाहिलं. मग वाकून इम्तियाजच्या पडद्याकडे पाहिलं. तिथेही छत्तीस. सकाळी त्याने विचारलं तेव्हाही छत्तीसच होतं.

तिने घाईघाईने स्क्रिप्ट उघडली.  कौतुकाची ती ओळ पुसली आणि बटण पुन्हा लावलं. बटण कोरं झालं. ते कोरंच राहिलं. सगळ्या हॉलच्या बटणांनी मिळून तिच्या नावाची फुकट उत्तरं सकाळीच संपवली होती.

"अरे देवा," ती म्हणाली. "मी काय करून बसले!"

हॉलच्या कोपऱ्यातल्या ऑफिसच्या फोनवरून तिने घरमालकिणीला फोन लावला. पलीकडे घंटा कितीतरी वेळ वाजली. शेवटी अनसूयम्माचा झोपाळलेला आवाज आला. "काय गं? आज तुझा फोन नाही, म्हटलं बरं आहे, कमी दिसतंय."

"अनसूयम्मा, वर जा! आत्ता जा! अम्माला खाली आणा!"

"अगं पण दुपारपासून लाइट नाही. मी इथे ओला टॉवेल घेऊन पडलेय. तू फोन केला नाहीस, मला काय माहीत... थांब, थांब, जाते."

फोन ठेवून स्वरूपा हॉलच्या दाराकडे धावली. पाळी संपेपर्यंत ते दार मॅडमच्या कार्डाशिवाय उघडत नसे.  आणि मॅडम तेवढ्यात काचेच्या खोलीत परदेशातल्या साहेबांशी बोलायला बसल्या होत्या. स्वरूपाने काचेवर टकटक केली. मॅडमनी न बघताच हाताने 'थांब' केलं. तिने पुन्हा टकटक केली, मग मुठीने, मग दोन्ही हातांनी. सगळा हॉल उभा राहिला.

"वेड लागलंय का तुला?" मॅडम दार किलकिलं करून म्हणाल्या. "ते बघतायत!"

"बघू देत. मला बाहेर सोडा. माझी आई कोंडलेली आहे."

"कोंडलेली? कुणी कोंडलं?"

"मीच," स्वरूपा म्हणाली. हे तिने आजवर ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

 मॅडमनी गळ्यातलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

ती पोचली तेव्हा नरसम्मा खाली अनसूयम्माच्या ओसरीवर आडवी होती. सलाईन लावायला गल्लीतला डॉक्टर आला होता. तोंड सुकून गेलेलं, लुगडं अंगाला ओलं चिकटलेलं, आणि दोन्ही हातांची पेरं सोललेली.

"मोरीत बसली होती, अंगावर पाणी ओतून," अनसूयम्मा पदराने डोळे पुसत म्हणाली. "दार वाजवत होती म्हणे. पलीकडच्यांनी ऐकलं. त्यांना वाटलं, म्हातारी रोजचीच वाजवते."

स्वरूपाने आईचा हात हातात घेतला. तिला वाटलं, ओरडून रडावं, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी. काही न करता ती त्या सोललेल्या बोटांवर फुंकर घालत बसली.

"वाचल्या," डॉक्टर म्हणाला. "पण पुन्हा असं नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरूपाने अंघोळ केली नाही, डबा भरला नाही. वरच्या खोलीत भिंतीला टेकून बसून राहिली. नरसम्माने हात दुखत असूनही आपणच वाटीतली आंबील पिऊन टाकली. महिन्यातून एखादी सकाळ तिची अशी लख्ख असायची. तेव्हा ती सगळं ओळखायची.

"बिड्डा, पोरी, आज सुट्टी आहे का?"

"नाही अम्मा."

"मग बसलीस कशी? काम गेलं?"

"गेलं नाही. मीच जात नाही आता."

"खायचं काय मग? दगड?"

 नरसम्माने तिच्याकडे पाहिलं. आपल्या सोललेल्या हातांकडेही पाहून घेतलं. मग भिंतीला धरून ती उठली, खिळ्यावरचं कुलूप काढलं आणि मुलीच्या मांडीवर ठेवलं.

"जा. बाहेरून लाव," ती म्हणाली. "आतून कडी लावायचं मला आठवत नाही."

"अम्मा..."

"ऊठ. उशीर झाला की बोलणी खावी लागतात. मी खाल्लीयत."

स्वरूपा उठली. कुलूप हातात घेऊन दारात उभी राहिली, पण दार ओढून घ्यायला तिचा हात होईना. आत नरसम्मा पाय पसरून जमिनीवर बसली, आणि दोन्ही हातांनी पाण्याची घागर हळूहळू आपल्याजवळ ओढू लागली.