डॉट्रींचा मूळपुरुष

एव्हरार्ड डॉट्रीने इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये चाळीस वर्षं बस चालवली, पण बोलायचा तो आपल्या आडनावाबद्दल. "१०६६ साली विल्यम राजाबरोबर समुद्र ओलांडून आलेली माणसं आम्ही. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत ओतरीव्ह म्हणून गाव आहे, म्हणजे उंच काठ. आम्ही 'द ओतरीव्ह', ओतरीव्हचे. इंग्रजांच्या जिभेला ते झेपेना, झिजून झिजून डॉट्री झालं."

"बरं सरदार, पुढच्या स्टॉपला थांबवणार ना?" बसमधल्या बायका मागून ओरडायच्या.

मुलगी रोझमंडने एका पोलिश सुताराशी लग्न ठरवलं, तेव्हा मात्र हसण्यावारी गेलं नाही. एव्हरार्डची अट एकच: मुलं होतील त्यांना डॉट्री नाव लावायचं.

"पोराला बापाचं नाव लागेल, बाबा."

"मग या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस."

तिने तो शब्द पाळला. आईच्या दफनालाही ती चर्चच्या शेवटच्या बाकावर बसली आणि न बोलता निघून गेली. तिला घर सोडून एकोणीस वर्षं झाली.

निवृत्तीनंतर तो पिढ्या मागे मागे शोधत गेला आणि १७८३ पाशी अडला. एका मंगळवारी जुन्या दप्तरांच्या कचेरीत तिथल्या मिसेस पेलिंगनी गावच्या बाप्तिस्म्यांची वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने १७८३ ची ओळ दोनदा वाचली.

"हे जरा वाचता का? माझा चष्मा नीट नाही."

त्या वाचू लागल्या. "चर्चच्या ओसरीत सापडलेलं बेवारस मूल. नाव जॉन. सांभाळायला डॉट्रींच्या मळ्यावर दिलं, म्हणून आडनाव डॉट्री."

"दुसरा कुणी जॉन असेल."

"गावात दुसरा नाही हो. पुढे लग्नाच्या नोंदीतही हाच आहे, 'सापडलेला' म्हणून." त्यांनी आवाज खाली आणला. "बसा जरा. पाणी आणू?"

पाणी न पिताच तो उठला आणि क्रॉलीची बस धरून रोझमंडच्या दारात जाऊन उभा राहिला. तिच्या केसांत पांढरं दिसत होतं.

"आता काय आणलंत? वंशावळ?"

"रोझी, ते नाव आपलं नव्हतंच गं. आपला मूळपुरुष म्हणजे कुणाचं तरी टाकलेलं पोर होतं. मी उगाच..."

तिने दार अर्धं ओढून घेतलं.

"आणि नाव खरं निघालं असतं तर? तर आला असतात?"

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं. मग नजर पायपुसण्यावर नेली.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "पोरगा कामावरून येईल आता. त्याला तुम्ही कोण ते माहीत नाही, आणि मला सांगायचंही नाही. जा तुम्ही."

दार आपटलं नाही. हळूच लागलं, आतून कडी सरकली.

स्टॉपवर त्याच्यासमोरून दोन बस गेल्या, तिसरीच्या ड्रायव्हरने उतरून त्याला हाताला धरून चढवलं. पुढे त्याने तिला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. चौथं त्याने लिहायला घेतलं आणि खाली सही काय करावी, इथेच त्याचा हात थांबला.