मिशीतला ठिपका

मनगटाला प्लास्टिकची पट्टी.

बर्फाच्या खोक्यात सहा नळ्या, सगळ्या रिकाम्या.

स्कॅनवर उजव्या कानाच्या वर लिंबाएवढी सावली.

पाच वाजता सुरू होणारं स्टेरॉइड.

मिशीत दह्याचा ठिपका.

यातलं शेवटचं गार्गीला दिसलं आणि तिने सुई खाली ठेवली.

"काका, काही खाल्लंत?"

"छे. उपाशी, तू सांगितलंस तसा."

"मिशीत दही आहे."

श्यामकांतांनी बायकोकडे पाहिलं.

"ते काय खाणं झालं?" जयंतीकाकू म्हणाल्या. "निघताना तळहातावर चमचाभर दहीसाखर. एवढ्या मोठ्या कामाला तसंच पाठवू?"

"त्यात साखर असते ना, काकू."

"असणारच. दहीसाखरच ती."

गाठीच्या पेशी साखर वेगळ्या तऱ्हेने जाळतात. त्यातून उरलेलं रक्तात, लघवीत उतरत असावं, असा गार्गीच्या संशोधन प्रकल्पाचा अंदाज. त्या खुणा ओळखता आल्या, तर पुढे कधीतरी गाठ परतली का ते कवटीला हात न लावता कळेल. पण नमुना उपाशीपोटी हवा, आणि स्टेरॉइडच्या आधीचा. ते अंगात गेलं की खुणा हलतात. ऑपरेशन उद्या होतं.

"राहू दे काका. तुमचं नाव वगळते."

"का म्हणून?" श्यामकांतांची तीस वर्षं बोरीवलीच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत गेली होती. "फसला प्रयोग तर पुन्हा लावायचा. किती तास?"

"बारा सांगतो आम्ही, पण आठ चालतात."

"सव्वासातला खाल्लं. म्हणजे सव्वातीन. बसतंय की."

"तुम्हाला स्वतःला याचा उपयोग नाही, काका."

"संमतीपत्र वाचूनच सही केलीय मी."

गार्गी डॉक्टरांना विचारून आली. पाणी चालेल, मेंदूची सूज उतरवायचं स्टेरॉइड मात्र पाचच्या पुढे एक मिनिट जाणार नाही.

बाराला जेवणाचा ट्रे आला. काकूंनी दारातूनच परतवला, आणि मग खुर्ची दारातच टाकून बसल्या. डबा त्यांनीही उघडला नाही. दोनला श्यामकांतांचं डोकं ठणकायला लागलं. गार्गी म्हणाली, "थांबवूया." ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सव्वा तास राहिलाय. तू तुझ्या नळ्यांवर नावं घाल."

तीन वाजून वीस मिनिटांनी पाच नळ्या रक्ताने भरल्या. सहावी, लघवीची, श्यामकांत स्वतः भरून घेऊन आले, भिंतीला धरत, झाकण घट्ट लावून.

"आता?" काकूंनी विचारलं.

"आता काहीही द्या."

काकू डबा उघडायला लागल्या.

सकाळचं ते दही त्यांनी आदल्या संध्याकाळी सातला, काकांचा उपास सुरू झाला तेव्हाच, विरजलं होतं.