कंसातला शार्प

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाद्यवृंदाच्या खोलीत माझं टेबल आहे. पंख्यात इतकी राख बसली आहे की सुरू होतानाच मला धाप लागते. एके काळी मात्र माझा केवढा तोरा होता! सगळ्या वादकांचे सुरांचे कागद माझ्यावर लिहिले जात आणि मला शिवण्याआधी लोक हात पुसून घेत.

कामठीला पलटणीच्या बँडमध्ये उमर घालवलेले रुपराव आणि त्यांची लेक दामिनी, दोघंही क्लॅरिनेट वाजवत. दोघांत मिळून कागद एकच. वरचे सूर बाबांचे, खालचे लेकीचे. गेल्या वर्षी रुपराव गेले. त्यांची खुर्ची कोणी हलवली नाही, आणि तिच्यावर कोणी बसलंही नाही.

त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठरला. बाबांच्या सुरांची जागा मोकळीच ठेवायची होती, म्हणून संचालक पुष्करनं माझ्याकडून दामिनीचे सूर तेवढे वेगळे काढून घेतले. तालमीत एका जागी ती दर वेळी सूर अर्धी पायरी चढवून वाजवू लागली. कागदावर तिथं सूर चढवायचं, म्हणजे शार्पचं चिन्हच नव्हतं.

"दामिनी, चुकून राहिली तू," पुष्कर म्हणाला.

"मले तसंच ऐकू येते गा. बाबा बाजूले बसून वाजवून राहिले असं."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. आपलं डोकं फिरलं, अशी भीती दामिनीला वाटली. "मी नाही वाजवत आता. दुसऱ्या कोणाले घ्या," म्हणत तिनं क्लॅरिनेट पेटीत ठेवलं. मला फार वाईट वाटलं.

"एकदा ऐकून तर घे," म्हणून पुष्करनं तिचाच कागद मला वाजवायला लावला. मी वाजवला. सूर चढलेलाच निघाला.

व्हायोलिनवाली गोपिका हळूच म्हणाली, "कागदावर नाही, मंग हे कोण वाजवून राहिलं वं?"

पुष्करनं घाईघाईनं जुना, जोडीचा कागद उघडला. शार्प तिथं होता, रुपरावांच्या सुरावर. दोन उभ्या रेघांमधल्या घरात चिन्ह एकदा लिहिलं की घर संपेपर्यंत लागू असतं. म्हणून त्याच घरात पुढे तोच सूर दामिनीला आला, तेव्हा ते पुन्हा लिहिलं नव्हतं. बाबांचे सूर काढले, तसं चिन्हही त्यांच्यासोबत गेलं. सूर मात्र माझ्या पोटात तसाच राहिला होता.

"थांब, आता तुझ्या सुरावर लावून देतो."

"कंसात लाव."

"काहून वं? आधीचं लागू असते, तेव्हा नुसतं आठवणीसाठी कंसात लावतात."

"म्हणूनच," दामिनी रडत म्हणाली. "बाबाचं अजून लागू आहे गा."

कार्यक्रमात तिनंच वाजवलं. अजूनही ती येते आणि तेवढा तुकडा मला वाजवायला लावते. मी त्या घरापाशी आलो की तिच्या शेजारची रुपरावांची खुर्ची करकरते. वारा म्हणावं, तर खिडकी बंद असते.

मित्रांनो, आता मला भंगारात काढायचं चाललं आहे. माझी तक्रार नाही. फक्त मला पुसण्याआधी तो जोडीचा कागद काढून घ्या. आणि जोडीतून कोणाला वेगळं करायची वेळ आलीच, तर ते दुसऱ्याच्या कशावर वाजत होतं, तेवढं आधी बघा.