लाळेचा प्रश्न

कुसाबाई पंचवीस वर्षं नाशकात गोदाकाठच्या फुलबाजारात झेंडू विकत होती. तिच्याशी भाव करणारं गिऱ्हाईक फुलांबरोबर चार शब्दही घेऊन जायचं. त्यामुळे तिच्या जिभेच्या मुळाशी कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा 'जिभेलाच व्हायचं होतं' म्हणून बाजाराने समाधान करून घेतलं. तिच्या मशेरीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. मशेरीची डबी निम्म्या बाजाराच्या कमरेला होती.

डॉक्टरांनी किरणांचा शेक द्यायचा ठरवला, सोबत केमो. लगेच रविवारी मखमलाबादला तिच्या घरी नातेवाईक जमले. सटाण्याहून जावई दीपक आला. त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, म्हणजे यंत्रांतलं त्याला सगळंच कळत होतं.

"जुनी मशीन बिलकुल नको," तो म्हणाला. "आता आयएमआरटी चालतं. त्याच्यावर प्रोटॉन, मुंबईला. घ्यायचं तर टॉप मॉडेल घ्या."

"पण नंबर कधी लागंल?" मुलाने, संतोषने विचारलं.

"दोन महिने लागतील. पण आपली वळख हाय ना!"

ही ओळख गाठीला कुणी सांगितली नव्हती. ती आपली वाढत होती. कुसाबाईने सगळ्यांना दोनदा चहा दिला. तिला काय वाटतं, हे विचारायला तेवढी कुणाला सवड झाली नाही.

सोमवारी दीपकने डॉक्टर पल्लवींसमोर मशिनींच्या तुलनेचा तीन पानांचा तक्ता ठेवला. डॉक्टरबाईंनी तो आदराने बाजूला सरकवला.

"बाई, मला सांगा," कुसाबाई म्हणाली. "गाठ माझी हाय. ह्या मशिनींत फरक काय?"

डॉक्टरांनी कागदावर चेहरा काढला. "जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंनी किरण आरपार जातात. गाठीबरोबर कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीही भाजतात. तोंड कायमचं कोरडं पडू शकतं. आयएमआरटीत किरणांचा जोर जागेप्रमाणे कमी-जास्त करता येतो. लाळ बरीच वाचते."

"आन गाठ?"

"गाठीवर दोन्हींचा परिणाम साधारण सारखाच."

"मंजी फरक लाळेचा. आन ते प्रोटॉन?"

"काही पेशंटना उपयोगी पडतं. पण त्यासाठी तुम्हाला दोन महिने थांबवणं मला पटत नाही. आयएमआरटी इथंच आहे."

"पण मामी, सगळ्यात नवं..." दीपकने तोंड उघडलं.

"जावईबापू, गिळायचं मला हाय. मी हितंच घेते."

तक्त्यात या मुद्द्याला रकाना नव्हता.

पहिल्या दिवशी, डोकं हलू नये म्हणून, तिच्या चेहऱ्यावर साच्याची जाळी बसवून ती टेबलाला घट्ट अडकवली. कुसाबाईला गप्प बसवणं असं अखेर कुणाला तरी जमलं. पण आत तिचा जीव घाबराघुबरा झाला होता. बाहेर आली तेव्हा तळहातांवर नखांच्या खुणा होत्या.

आठवड्याला पाच, असे पस्तीस दिवस काढायचे होते. चौथ्या आठवड्यात तोंडभर फोड आले, पाणीही उतरेना. भेटायला येणाऱ्यांनी रिकाम्या हाती येऊ नये म्हणून फरसाण आणि शेंगदाण्याची चिक्की आणली, आणि 'खात नाय म्हणून अशक्तपणा' असं निदान करून ती स्वतःच संपवली. पाचव्या आठवड्यात तिने संतोषला हातानेच खुणावलं, बास. तो कोमट पेज चमच्याचमच्याने भरवत राहिला. सकाळी ती आपणहून गाडीवर त्याच्या मागे बसली.

शेक संपल्यावर तीन महिन्यांनी तपासणीत गाठ दिसली नाही. तोंड थोडं सुकायचं, पाण्याची बाटली जवळ लागायची, पण घास गिळता यायचा. दीपकने सटाण्यात सांगून टाकलं, "आयएमआरटी मीच घ्यायला लावली."

एवढी कीर्ती झाल्यावर चांदवडच्या लताबाई त्याच्याकडेच सल्ल्याला येणार. त्यांच्या घशात गाठ होती. तो त्यांना घेऊन मखमलाबादला आला आणि दारातूनच सुरू झाला, "बघा, ह्या मशिनीत..."

"जावईबापू, तुमी ओट्यावर बसा जरा," कुसाबाई म्हणाली. मग तिने लताबाईंना शेजारी बसवलं. "बाई, कशाचं भ्या वाटतं?"

"ती जाळी म्हणं तोंडावर आवळत्यात," लताबाई पुटपुटल्या. "जीव गुदमरंल माझा."

"मलाबी वाटलं व्हतं. जाळीला भोकं असत्यात, वारा येतो. डोळे मिटून घ्यायचे आन मनात आकडे मोजायचे. लयच झालं तर हात वर करायचा, ते लगेच थांबवत्यात. मी दोनदा केला व्हता."

"कुणी रागावलं नाय?"

"नाय," कुसाबाई म्हणाली. "पयल्या दिवशी मी येते तुमच्यासंगं."