दुरुस्त झालेल्या चुका

संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक करडा आकडा होता. शेजारीच मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘हरवलेली माहिती : शून्य’ असं झळकत असे, त्यामुळे या आकड्याकडे कुणाचं लक्ष जात नसे. तो मात्र रोज थोडा थोडा वाढत होता.

धरणाची पाणीपातळी जुन्या केबलमधून कार्यालयात येई. वाटेत आकडे गळत, बिघडत. म्हणून तिथे इंजिनिअर असलेल्या तिने प्रत्येक आकड्यासोबत थोडी जादा माहिती पाठवायची सोय केली होती. त्या जादा माहितीच्या आधाराने गळलेलं इकडे भरून निघे. करडा आकडा होता तो अशा भरून काढलेल्या चुकांचा.

“शून्य! मॅडम, पार्टी कधी?” साहेबांनी दारातून मान आत घातली.

“साहेब, केबल सडतेय. बदलायला हवी.”

“पोचतंय ना सगळं? मग उगाच खुसपट कशाला काढता?”

“फारच बिघडलं ना, तर हे दुरुस्तीचं यंत्र गप्प बसत नाही. चुकीचाच आकडा जुळवतं आणि बरोबर म्हणून दाखवतं.”

“तुमच्या तोंडून एक गोड शब्द निघेल तर शपथ!” साहेब हसत निघून गेले.

ती घरी आली तेव्हा आई पलंगावर बॅग भरत बसली होती.

“हे काय?”

“जाते दादाकडे. बोलावतोय ना तो?”

आईला फोनवरचं ऐकू येत नसे. दादाचा फोन आलाच तर घाईत यायचा. ‘बरी आहे ना? ठेवतो.’ एवढ्यातून ती आईसाठी अख्खी वाक्यं करायची. तब्येतीला जप म्हणाला. तुझी आठवण काढत होता. परवा तो ‘बघू गं पुढे’ म्हणाला आणि आईचा चेहरा बघून तिच्या तोंडून निघून गेलं, ‘ये म्हणतोय.’

“तुझ्यासारखा घुमा नाही तो,” स्वेटरची घडी दाबत आई म्हणाली. “किती मायेनं बोलतो! लाव फोन. उद्या निघते म्हणावं.”

तिने फोन लावला.

“दादा, आई तुझ्याकडे यायचं म्हणतेय. उद्याच.”

“वेड लागलंय का? मी कधी बोलावलं? इथे कोण बघणार तिचं? तूच सांग काहीतरी समजावून. तुला जमतं ते.”

फोन बंद झाला.

“काय म्हणाला?” आईने कान पुढे केला. डोळे आधीच हसत होते.

वाक्य तयार होतं. वहिनीला बरं नाहीये, थोडे दिवस थांब म्हणाला. जिभेवर अगदी आयतं आलं होतं. तिने ते गिळलं. बॅग बाजूला सरकवून ती आईच्या अगदी जवळ बसली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

“आई, तो नको म्हणाला. ये असं तो कधी म्हणालाच नव्हता. इतकी वर्षं ते सगळं मीच बोलत होते.”