कोरी ओळ

लंडनच्या त्या गल्लीत कोणी मेलं की पाद्रीबुवांचं प्रवचन छापून वाटायची रीत होती, आणि छापायचं काम तबिथाचं. आज मात्र ओबादाया पाद्री तिच्याच नवऱ्याचं, गिडियनचं प्रवचन घेऊन आले.

दोन ओळी वाचताच तिने कागद खाली ठेवला. "पाद्रीबुवा, हे तर मागच्या महिन्यातल्या त्या दारूवाल्याचं! त्याच्या छपाईला जुळवलेले अक्षरांचे खिळेसुद्धा अजून सुटे केले नाहीत मी."

"काय करू, बाई? या साथीत रोज कुणाला ना कुणाला पुरतोय. डोकंच चालेनासं झालंय."

"माझं तरी कुठं चालतंय? नवी जुळणी करायचं त्राण नाही. असू द्या हेच."

तिने त्याच जुळणीतलं दारूवाल्याचं नाव काढून गिडियनचं बसवलं. मग एका ओळीशी तिचा हात थांबला: 'चारही मुलांनी बापाला खांदा दिला.' ती ओळ तिने उपसली आणि तिथे शाई न लागणारे कोरे तुकडे ठोकले.

पहिला कागद निघाला तसे पाद्री म्हणाले, "बाई, इथे काहीतरी सुटलंय."

"सुटलं नाही. तिथं आमची पोरं आहेत," ती दुसरा कागद चढवत म्हणाली. "तुम्हीच तर पुरलीत."