धारवाल्याचा पहिला क्रमांक

कामगारांची कार्यक्षमता कशाने वाढते, या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापकांना एका चर्चासत्रातल्या चहापानात गवसले: स्पर्धेने. कुलुपांच्या कारखान्यात परतताच त्यांनी भोके पाडणाऱ्या विभागात फलक टांगला. ज्याचे नग अधिक, त्याचे नाव वर.

पहिल्याच आठवड्यात धारवाला तळाला गेला. जाणे भागच होते. सकाळभर तो ग्राइंडरवर बसून सगळ्यांच्या ड्रिलना धार लावी आणि उरल्या वेळात स्वतःचे नग काढी. त्याला ताकीद मिळाली. त्याने ग्राइंडर सोडला, फक्त स्वतःपुरती धार लावली आणि थेट अग्रस्थान पटकावले. इतरांची ड्रिल मात्र लोखंड कापायचे सोडून ते कुरवाळू लागली. उत्पादन कोसळले. त्यावर व्यवस्थापकांच्या विद्वत्तेला साजेसा निष्कर्ष निघाला: दोष विभागप्रमुख बाईंचा, त्यांना प्रेरणा देता येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्पादन सावरले नाही, तर त्यांची खुर्ची जाणार होती.

खरे कारण बाईंना ठाऊक होते. अख्ख्या विभागाला होते. पण धारवाला पडला त्यांचा सख्खा दीर. त्याच्यासाठी शब्द टाकला असता, तर बोटे दाखवायला लोक टपलेलेच होते.

त्या दिवशी सकाळी त्या सरळ त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"भावोजी, ग्राइंडरवर बसा."

"वहिनी, जन्मात पहिल्यांदा पहिला आलोय. शाळेतसुद्धा जमलं नव्हतं."

"झाली हौस? उठा."

"आणि तळाला गेलो की मला घरी धाडतील, त्याचं काय?"

"तुमच्याआधी मला धाडतील. चला."

व्यवस्थापक धावत आले. "बाई, सर्वोत्तम कामगाराला उठवलंत? कुणाच्या हुकमानं?"

"माझ्या. संध्याकाळपर्यंत विभाग माझाच आहे ना?"

"दीर म्हणून लाड चाललेत!"

"साहेब, त्यांचा पहिला नंबर काढून घेतलाय मी. तुमच्याकडे लाड असे करतात?"

कुणीतरी फिस्सकन हसले. ग्राइंडरवर ठिणग्या उडू लागल्या. दुपारपर्यंत यंत्रांचे कण्हणे थांबले आणि लोखंडाचा किस लांब वेटोळ्यांनी गळू लागला. संध्याकाळी पेट्या काठोकाठ भरल्या.

व्यवस्थापकांनी घसा खाकरला. "स्पर्धेची फळं उशिरा दिसतात, मी म्हणालोच होतो."

"अगदी बरोबर. श्रेय तुम्हीच घ्या," बाईंनी टाइप केलेला आदेश त्यांच्यापुढे सरकवला. "मला एवढंच द्या. उद्यापासून धारवाल्याचे नग मोजायचे नाहीत."

"विचार करावा लागेल."

"विचार सावकाश करा, साहेब. सही आत्ता करा."

त्यांनी केली.